तुरीचा चातुर्मास

दिपोटी साहेब शाळा तपासायला आले, त्यांनी ब्राह्मीला उभं केलं आणि विचारलं, "पृथ्वी फिरते हे कशावरून?" ब्राह्मीनं उत्तर तर दिलंच, वर हात न जोडता विचारलं, "पण मग साहेब, आपण भोवंडून पडत का न्हाय?" सगळा वर्ग गार. मास्तरांच्या कपाळाला घाम. साहेब मात्र खो खो हसले आणि म्हणाले, "ही मुलगी विचारते. विचारू द्या हिला."

झालं! त्या दिवसापासून ब्राह्मीच्या जिभेला जे पाय फुटले ते फुटलेच. निपाणीतल्या शाळेपासून गावापर्यंतची वाट ती उड्या मारत यायची आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या कुणाला तरी कशाचं तरी कारण विचारायची. भाकरी का फुगते? मांजर पाण्याला का भिते? आज्जी पाणी दुहेरी फडक्यातून गाळते, एकेरीतून का न्हाय? तिचा काका तवनाप्पा शेजारच्याच घरात वेगळा राहायचा. तो कपाळावर हात मारून म्हणायचा, "दिपोटी एक दिवस आला नि गेला, पण आमच्या डोक्याला जल्माचा ताप देऊन गेला."

हे लढाईच्या दुसऱ्या वर्षीचं. घासलेट महाग झालं होतं, पण ब्राह्मीच्या घराला त्याचं फारसं सुतक नव्हतं. जैनाचं घर, दिवेलागणीच्या आत जेवणं उरकायची, मग दिवा हवा कशाला? दुःख होतं ते वेगळंच. रानातला म्हातारा कुत्रा राजा माघात गेला होता, आणि भुईमुगाचं रान राखणीशिवाय पडलं होतं. डुकरं काय, पंगतीचं आवतण असल्यासारखी येणार होती.

"या साली भुईमूग पेरायचा आसंल तर आदी कुत्रं आणा," असं आप्पा, म्हणजे ब्राह्मीचे वडील नेमगोंडा, एक दिवस जेवताना म्हणाले. आप्पा महिन्यातून एखादंच वाक्य लांब बोलायचे, त्यामुळं घरात ते हुकमासारखं चालायचं.

कुत्र्याचं म्हटल्यावर तवनाप्पा काका पुढं सरसावला. कुत्र्यांतलं आपल्याएवढं कुणालाच कळत नाही असं त्याचं ठाम मत होतं. पिल्लू कानाला धरून उचलायचं, जे ओरडत नाही ते मर्द. ते घरी आणायचं, कानाचे शेंडे कापायचे, म्हणजे ते तिखट होतं. बास, एवढीच त्याची विद्या; पण ती तो अशी सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा काशीला जाऊन शिकून आलाय.

पिल्लं होती भरमू धनगराकडं. रान मोकळं झालं की दर उन्हाळ्यात भरमू मेंढरं घेऊन यायचा. रात्रभर मेंढरं आप्पांच्या रानात बसायची, लेंड्यांचं खत व्हायचं, आणि त्याबद्दल भरमूला जोंधळे मिळायचे. त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली होती, हे ब्राह्मीला काकाच्या आधीच ठाऊक होतं. शाळा सुटली की ती वाट वाकडी करून त्यांच्यापाशी जाऊन बसायची. हात लावायची नाही, कारण पिल्लांची आई गुरगुरायची. नुसती बघायची. कोण आधी दूध पितं, कोण ढकललं जातं, कोण उगीचच आपल्या शेपटीमागं फिरतं. त्यामुळं काका ज्या दिवशी निवडायला निघाला, त्या दिवशी ती त्याच्या मागोमाग गेलीच.

"तू कशाला गं?" काका म्हणाला.

"बघायला."

"बघ, पर तोंड मिटून बघ."

भरमूनं कुत्रीला लांब नेऊन बांधलं. काकानं धोतराचा सोगा खोचला आणि पहिलं पिल्लू एका कानाला धरून उचललं. ते असं केकाटलं की मेंढरांनी माना वर केल्या. दुसरं केकाटलं, तिसरंही केकाटलं. तिसऱ्याचा रंग तुरीच्या डाळीसारखा होता आणि त्याचा आवाज तर थेट यमगर्णीच्या पुलापर्यंत गेला असेल. काकानं ते तोंड वाकडं करून खाली टाकलं. चौथंही ओरडलं. पाचवं मात्र लटकलं, ते लटकलंच. हूं नाही की चूं नाही.

"ह्ये बघ!" काकाची छाती फुगली. "ह्ये मर्दाचं लक्षण! डोळ्यांत पाणी न्हाय, तोंडात आवाज न्हाय. भरमू, ह्ये आमचं."

आता ब्राह्मीचं तोंड मिटून राहणं शक्यच नव्हतं.

"काका, ते ओरडत न्हाय कारण त्याच्यात ओरडायची वाफच न्हाय."

"काय म्हणालीस?"

"ते दूध प्यायला बी उठत न्हाय, रोजचं बघणं हाय माझं. त्याचं पोट बघा, नगाऱ्यासारखं तट्ट. मागच्या पायांची नुसती काटकं. आनि ह्ये बघा," म्हणत तिनं त्या बिचाऱ्याचा ओठ बोटानं हळूच वर केला, "हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. बाकीच्यांच्या कशा डाळिंबाच्या दाण्यासारख्या हायत!"

"कुत्र्याच्या हिरड्या बघत्यात व्हय कुणी? कुत्रं घ्यायचं हाय का सोयरीक जुळवायची हाय?"

भरमू हसला. पण ब्राह्मीचं लक्ष भलतीकडंच होतं. मघाशी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलेलं ते तुरीच्या रंगाचं पिल्लू आधी मेंढरांपर्यंत पळालं होतं, मग थांबलं, कान फडफडवले आणि परत आलं. कुणाकडं? ज्यानं कान ओढला त्याच काकाकडं. त्याचं पायताण हुंगलं, शेपटी हलवली आणि पायताणाचा अंगठा दातांत धरून मागं ओढायला लागलं.

"हीच!" ब्राह्मीनं टाळी वाजवली. "भ्याली, पर मनात धरून बसली न्हाय. परत आली. काका, हीच!"

"ही मादी हाय, पोरी," भरमू म्हणाला. "मादी कोन न्हेत न्हाय. दोन मादी हायत, जाताना देवळापाशी सोडून जातो आमी. जगली तर जगली."

तेवढ्यात बांधावर आप्पा येऊन उभे राहिले होते. काकानं त्यांच्याकडं बघून दोन्ही हात पसरले. "दादा, सांग तुझ्या लेकीला. राखणीला मादी? ती बी रडकी?"

आप्पांनी मुक्या पिल्लाकडं बघितलं, मग पायताण ओढणाऱ्या पिल्लाकडं, मग लेकीकडं.

"सांभाळणार कोण?"

"मी सांभाळतो," ब्राह्मी म्हणाली. आमच्या भागात मुलीसुद्धा 'मी सांभाळतो'च म्हणतात, आणि ते म्हणताना ती खरोखर टाचा उंचावून उभी राहिली होती.

"खाणं, पिणं, दुखणं, घाण?"

"समदं."

"दिवाळीपातूर बघू. धडधाकट राहिली आनि राखणीला बसली तर आपली. न्हाय तर तवनाप्पा आणील ते कुत्रं, आनि ही भरमू परत आला की भरमूची."

भरमूची म्हणजे देवळापाशी. ब्राह्मीला ते कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

पिल्लू त्या दिवशी हाती आलं नाही. "आजून आईचं पितंय. भाकरी खायला लागंस्तवर असू दे," असं भरमू म्हणाला. मृग पडायच्या आत तो मेंढरं घेऊन हलला, तेव्हा जाताना त्यानं ते ब्राह्मीच्या हातात ठेवलं. तिनं त्याचं नाव ठेवलं तुरी. तसं ते त्याच्या अंगावर लिहिलेलंच होतं.

तुरी घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात तिची आज्जीशी गाठ पडली. आज्जीचं नाव पद्मावती. तोंडात एकही दात नाही, पण बस्तीतल्या, म्हणजे जैन देवळातल्या, पाठशाळेत शिकलेलं सगळं तोंडपाठ. ती अष्टमीला आणि चतुर्दशीला उपास करायची. त्या अष्टमीला ब्राह्मी शाळेतून आली तर तुरीच्या खाण्याची परळ कोरडी ठणठणीत, आणि तुरी जात्यापाशी पडून कण्हतेय.

"आज्जी, हिला खायला घातलं न्हाय?"

"आज अष्टमी हाय. तिलाबी जरा पुण्य लागू दे. पुण्य कमी पडलं म्हणूनच जल्म कुत्र्याचा आलाय तिला."

ब्राह्मीनं दप्तर खुंटीला अडकवलं. "आज्जी, अहिंसेच्या व्रताला पाच दोष लागत्यात न्हवं? तूच शिकीवलंस. म्हण बघू."

आज्जीला पाठ म्हणायला सांगणं म्हणजे नदीला वाहायला सांगणं. "बंध, वध, छेद, अतिभार आनि अन्नपाननिरोध."

"अन्नपाननिरोध म्हंजे?"

"मुक्या जनावराचं खाणंपिणं तोडणं..." आज्जी मध्येच थांबली. जात्यापाशी पडलेल्या तुरीकडं बघितलं. मग उठून दुधात भाकरी कुस्करून घेऊन आली. परळ पुढं ठेवताना पुटपुटली, "दिपोट्याचं तोंड फुटलं तुला, आनि दोष मला."

त्या दिवसापासून दोघींचं जमलं. तुरीची शेवटची भाकरी घरच्यांबरोबरच, दिवेलागणीच्या आत. पहिले काही दिवस तिनं रात्री रडून घर डोक्यावर घेतलं, मग तिलाही कळलं की या घरात सूर्य बुडाला की तोंडाला कुलूप. घाण करायला ब्राह्मी तिला रोज सकाळी परसात न्यायची. चावायला जुनं पायताण दिलं होतं. काकाचंच, त्यानं टाकून दिलेलं.

मग लागला पाऊस. आणि पावसाबरोबर आले गोचीड.

पहिल्यांदा कानामागं एक दिसला, एरंडाच्या बीसारखा. मग बोटांच्या बेचक्यांत, मग मानेवर. ब्राह्मी ते उपटायला लागली तसं आज्जीनं तिचं मनगट धरलं.

"मारशील बिरशील! चातुर्मास बसलाय. ह्या दिसांत मुंगी चिरडली तरी मी दिवसभर तोंडात पाणी घेत न्हाय, आनि तू माझ्या दारात जीव मारतीस?"

"मग काय करू? ते हिचं रगत पित्यात की!"

"काढ, पर मारू नगं. अलगद काढून सोड."

हे ब्राह्मीला पटलं. पटलं म्हणजे काय, ती हरखूनच गेली. दोन्ही जीव राहिले! तिनं एक करवंटी घेतली, तीत भुसा घातला, रोज शाळेतून आली की तुरीला मांडीवर घेऊन एकेक गोचीड मुळापाशी धरून सरळ ओढून काढायचा, करवंटीत टाकायचा, आणि करवंटी परसातल्या निवडुंगाच्या कुंपणापाशी गवतात उपडी करायची. आज्जी उंबऱ्यावरून बघून मान डोलवायची. "अशी दया पायजे." ब्राह्मीनं पाठशाळेतसुद्धा ही गोष्ट सांगितली आणि उपाध्यांनी तिची पाठ थोपटली. मग काय, तिचे पाय आठ दिवस जमिनीला लागले नाहीत.

पण गोचीड कमी होईनात. काढावेत तेवढे दुसऱ्या दिवशी हजर, उलट वाढलेच. करवंटी पुरेना, तिनं गाडगं घेतलं. आणि तुरी? जी तुरी शाळेची वाट अर्ध्यावर येऊन गाठायची, ती आता दारातूनच शेपटी हलवायला लागली. मग बसल्या बसल्या हलवायला लागली. मग एक दिवस नुसते डोळेच हलले. ब्राह्मीनं तिचा ओठ वर केला.

हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या.

काका बातमी ऐकून आलाच. "म्हटलं न्हवतं? रडकं ते रडकंच. आता रडत बसू नगं, उद्या मी तंबाखूचं पाणी उकळून आणतो. आमचे बैल आंघोळ घालून घालून कसे लखलखीत ठेवल्यात बघ. एका आंघोळीत गोचीड खलास." निपाणीच्या मुलखात तंबाखू काय, पाऊल टाकावं तिथं. प्रत्येक दुखण्यावर काकाचा उतारा तंबाखूचाच असायचा.

"मारायचे न्हाईत जीव," आज्जी आतून ओरडली.

"मग कुत्री मरू दे," काका म्हणाला आणि निघून गेला.

दिवाळी अजून लांब होती, पण ब्राह्मीला वाटलं, ही दिवाळी बघतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीला बुट्टीत घातलं, वर जुनं लुगडं पांघरलं, बुट्टी डोक्यावर घेतली आणि शाळेच्या आधी निपाणीतला गुरांचा दवाखाना गाठला. बाहेर बैलांची आणि म्हशींची रांग. माणसं हसायला लागली. "काय गं, कोंबडं आनलंस?" बुट्टीतून तुरीनं नाक काढलं तसं अजूनच हसली. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, ह्यो दवाखाना हाय, सर्कस न्हवं."

डॉक्टर धारवाडकडचे, मराठी अडखळत बोलायचे. "नाई, कुत्रा इल्लि नोडोदिल्ला," म्हणजे इथं कुत्री बघत नाही, असं म्हणून त्यांनी हात हलवला. ब्राह्मीनं कानडीतच विचारलं, "का सर? कुत्र्याला दुखत नाही का?" डॉक्टरांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी बुट्टी टेबलावर ठेवायला सांगितली.

त्यांनी ओठ वर केला, कान उलटे केले, पोट चाचपलं. "रगत कमी झालं. गोचीडांनी पिलं. औषध काय, ह्याला बाटलीतलं औषध नाई माझ्याकडं. काळीज खायला दे, अंडं दे."

ब्राह्मीनं डोळे विस्फारले. "आम्ही जैन, सर."

"अय्यो! मग दूध दे, ताक दे, नाचणीची आंबील, मुगाचं कढण. थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा. आणि गोचीड लागू देऊ नको."

"काका तंबाखूच्या पाण्यानं आंघोळ घालणार म्हणतोय."

डॉक्टर ताडकन सरळ झाले. "बिलकूल नाई! एवढासा जीव, दिवसभर अंग चाटणार. तंबाखू पोटात गेली की गोचीडाआधी हीच मरंल. काकाला सांग, बैलाचं बैलाला." मग ती निघता निघता त्यांनी विचारलं, "काढलेले गोचीड काय करते तू?"

"सोडतो. कुंपणापाशी."

"हं," डॉक्टर म्हणाले, आणि पुढची म्हैस आत आली.

नुसतं हं! ब्राह्मीला दिवसभर त्या हुंकारानं छळलं. भूगोलाच्या तासाला हं, गणिताच्या तासाला हं. तुरी शाळेच्या पडवीत बुट्टीत झोपली होती; मास्तरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. दुपारी घरी आल्यावर ब्राह्मीनं तिला अंगणात सोडलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसून बघत राहिली, मागं मेंढरांपाशी बसून बघायची तशीच. तुरी हळूहळू उठली. पाय ओढत परसात गेली. ऊन चुकवून गार सावलीला पडली.

कुठं? निवडुंगाच्या कुंपणापाशी. गवतात. जिथं रोज करवंटी उपडी होत होती नेमकं तिथंच.

"आगं बया!" ब्राह्मी असं ओरडली की आज्जी पोथी तशीच टाकून बाहेर आली.

"आज्जी, आपण त्यांना सोडत न्हवतो. आपण त्यांना वाढत होतो! हिच्या अंगावरनं काढायचं आनि हिच्याच अंथरुणात ठेवायचं. तिथं ते गवतात पोरंबाळं करत्यात, आनि ती समदी पंगत हिच्यावर!"

आज्जी कुंपणाकडं बघत राहिली. तिचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मग मारायचं म्हणतीस? मला ते व्हायचं न्हाय, ब्राह्मी. ह्या वयात न्हाय."

ब्राह्मीच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण आज्जीचा चेहरा बघून तिनं ते तिथंच अडवलं. हे तिला दिपोटी साहेबांनंतर पहिल्यांदाच जमलं होतं. समोर अंगणात आज्जीनं सकाळी वाळत घातलेले जोंधळे होते; पावसाची उघडीप मिळाली की आज्जी धान्य उन्हाला काढायचीच.

"आज्जी, तू जोंधळं वाळवतीस ते कशाला?"

"किडं होऊ नयेत म्हणून. एकदा किडं झालं की दळताना जीव जात्यात."

"पाणी गाळतीस?"

"त्यासाठीच की."

"मग गोचीड व्हायच्या आदीच का थांबवायचं न्हाय? झाल्यावर दया करण्यापरीस होऊच द्यायचे न्हाईत. ही बी दयाच की! उलट मोठी."

आज्जी पदर खोचून म्हणाली, "इळा आण."

आणि मग जी काही साफसफाई झाली ती दिवाळीलासुद्धा होत नाही. आप्पांनी कुंपणाच्या बुडाचं गवत खरडून काढलं. आज्जीनं तुरीसाठी पडवीच्या कोपऱ्यात उंच दगडी जागा ठरवली, जमीन सारवली, भेगा शेणमातीनं लिंपल्या, वर राख पसरली. रोज उघडीप मिळाली की तुरीचं पोतं उन्हात. रोज शाळेच्या आधी आणि नंतर तिच्या अंगावरून फणी, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. अंगावरचे गोचीड काढून ब्राह्मी शाळेच्या वाटेवरच्या उघड्या खडकाळ माळावर नेऊन सोडायची. तिथं ना गवत, ना कुठलं जनावर चरायला जायचं. "तिथं ते काय खातील?" तिनं एकदा विचारलं. आज्जी म्हणाली, "ते त्यांचं कर्म. मी मारलं न्हाय आनि पोसलं बी न्हाय."

काका तंबाखूच्या पाण्याची घागर घेऊन आला तेव्हा दारात आज्जी उभी होती. "बैलाचं बैलाला," तिनं डॉक्टरांचं वाक्य असं फेकलं, जणू स्वतःच शिकली आहे. काकानं घागर बैलांवर ओतली.

नाचणीची आंबील, ताक, मुगाचं कढण. आधी तुरी नुसती चाटायची, मग प्यायला लागली, मग परळ जमिनीवरून ढकलत नेईपर्यंत चाटायला लागली. श्रावण सरता सरता एक दिवस ब्राह्मी शाळेतून येत होती, तर माळाच्या अलीकडच्या चिंचेखाली काहीतरी तुरीच्या डाळीसारखं दिसलं. ते उठलं. ते पळत आलं! ब्राह्मीनं दप्तर चिखलात फेकलं, तिथंच बसकण मारली आणि आधी काय केलं असेल? ओठ वर करून बघितला. गुलाबी! हिरड्या डाळिंबासारख्या नाहीत अजून, पण गुलाबी!

आता उरली होती राखण. काका म्हणायचा, "बरी झाली खरी, पर जो भेटंल त्याचं पायताण चाटती. ही काय डुकरं हाकलणार? कान कापू या, जरा तिखट हुईल."

"छेद," आज्जी आतूनच म्हणाली. "पाचांतला तिसरा दोष. माझ्या दारात न्हाय."

आश्विनात भुईमूग काढणीला आला. एके दिवशी सकाळी, अजून धुकं होतं, ब्राह्मी आप्पांची न्याहारी घेऊन रानात निघाली होती, पुढं तुरी. काकाचं रान लागूनच. एकाएकी तुरी बांधावर थांबली, तिचे केस उभे राहिले, आणि मग ती जी ओरडायला लागली! तोच आवाज, कान ओढल्यावरचा, आता दसपट मोठा. काकाच्या भुईमुगात डुकरीण होती, मागं पिल्लांची ओळ. डुकरीण वळली, तुरीवर धावून आली. तुरी मागं हटली, बांधाच्या वर गेली, आणि ओरडणं काही थांबेना. परत डुकरीण वळली की तुरी पुढं. अशी तिची ये-जा चालली. ब्राह्मी जागच्या जागी उभी राहून "तुरे, मागं! तुरे!" म्हणत होती, आणि तेवढ्यात एका बाजूनं आप्पा, एका बाजूनं काका काठी घेऊन धावत आले. डुकरीण पिल्लांसकट ओढ्याकडं पळाली.

काका धापा टाकत बांधावर बसला. भुईमुगाची एक कड विस्कटली होती, बाकी सगळं शाबूत. तुरी त्याच्यापाशी गेली आणि सवयीनं त्याच्या पायताणाचा अंगठा दातांत धरला.

"मर्द कुत्रं आसतं तर गेलं आसतं आंगावर," काका म्हणाला.

"आनि फाटलं आसतं," आप्पा म्हणाले. "राखणीला आवाज लागतो, तवनाप्पा. त्यो तर तू पयल्याच दिवशी ऐकला हुतास."

महिन्यातलं लांब वाक्य संपलं. दिवाळीचं त्यांनी वेगळं काही सांगितलंच नाही. तीर्थंकरांच्या निर्वाणाच्या पहाटे बस्तीतून लाडू आणले, त्यातलं चिमूटभर परळेत टाकलं, आणि ब्राह्मीला कळायचं ते कळलं.

कार्तिकात भरमू परत आला. तुरीला बघून त्यानं गालावर हात ठेवला. "ही ती? देवळापाशीची?"

"आनि ते मुकं?" ब्राह्मीनं विचारलं. काका बाजूलाच उभा होता.

"त्ये?" भरमू म्हणाला, "नदी उतरायच्या आदीच गेलं, पोरी. पोटात जंत झालतं म्हणं. कवा ओरडलंच न्हाय, आमाला कळायचं कसं?"

काकाचा हात आपसूक स्वतःच्या कानाकडं गेला आणि तिथंच घुटमळला.

भरमूच्या दुसऱ्या कुत्रीला पिल्लं झाली होती. चार दिवसांनी ब्राह्मी शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून तिथं गेली, तर तिच्या आधीच कुणीतरी येऊन बसलं होतं. धोतराचा सोगा खोचलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट मिटलेले. पिल्लं लांबूनच त्याच्याकडं बघत होती.

"काका, काय कराय लागलाय?"

"शूऽऽ," तवनाप्पा काका म्हणाला. "तोंड मिटून बघ. कोण येतंय ते बघतोय."